माझं आतडं जागं होईना

ती. दादास,

वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी महिनाभर मनाई केली आहे, तेव्हा हा उभ्यानेच घातलेला समज.) तुझी आणि वहिनीची तब्येत बरी असेल. माझी आज सांगण्याजोगी आहे, म्हणून लिहितो.

आतड्यातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा मीच हट्ट धरला, दुर्बिणीतूनच करा. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतोय. उभा काप आणि चार काजं यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. शेजारच्या खाटेवरच्या बस ड्रायव्हरचं पोट वरपासून खालपर्यंत उघडलं होतं. त्याची मला कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली. दुर्बिणीनंतर आतडं बहुधा लवकर जागं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातलं 'बहुधा' मी ऐकलंच नाही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला वारा सरला (नर्सने तो बोर्डात आल्यासारखं अभिनंदन केलं), चौथ्या दिवशी तो सूप पिऊ लागला, आणि माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. नाकातून नळी घातली. डॉक्टर रोज पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकायचे आणि ड्रायव्हरच्या खाटेकडे वळायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, आतला जोड गळत नाही ना, ते स्कॅन करून पाहू. गळत असेल तर पोट उघडावं लागेल. दादा, मी पांघरुणाखाली हात घालून पोटाच्या विनवण्या केल्या. बायकोला दुकानाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगायला लागलो, तर ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. गळती निघाली नाही, आतडं नुसतंच झोपलं होतं. मग ड्रायव्हर मला वॉर्डभर चालवू लागला (पंचवीस टाके घेऊन तो पुढे, चार भोकं घेऊन मी मागे). सहाव्या दिवशी सकाळी, खिडकीपाशी वळताना, झालं एकदाचं. तो थांबला, माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "सुटली तुमची गाडी." मी भिंतीला टेकून रडलो.

आता बरं आहे. काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. : गाठ वेळेत निघाली म्हणतात. आठ महिने मी मूळव्याध समजून मलम लावत होतो.

पुन्हा ता. क. : तुलाही रक्त पडतं आणि तूही मलमच लावतोस, हे वहिनीने मला सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस. गुरुवारी अकराला माझ्याच डॉक्टरांकडे तुझी तपासणी ठरवली आहे. वर लिहिलंय त्याच्या दुप्पट घाबरलो होतो मी, तेव्हा तुझी भीती मला कळते. तू ये फक्त. मी दाराशी उभा असेन.