फोनवर मी बरी असते

प्रिय दादा,

तू पाठवलेला दीर्घ श्वासाचा व्हिडिओ पाहिला. रागावू नकोस, पण अर्ध्यातच बंद केला. अरे, अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये बसून दिवसभर मी दुसरं काय करते? कानाला हेडफोन लावायचा आणि घाबरलेल्या माणसांना सांगायचं, शांत व्हा, श्वास घ्या, पत्ता सांगा. श्वास कसा घ्यायचा ते ठाऊक आहे रे मला, घ्यायला उसंत कुठाय?

आईशी तू रविवारी दहा मिनिटं बोलतोस. तेवढा वेळ ती अगदी लाघवी असते. तुझ्या ऑफिसची, वहिनीच्या तब्येतीची चौकशी करते, आणि तू मला सांगतोस की आई तर छान आहे, तूच उगाच टेन्शन घेतेस. फोन ठेवला की ती मला विचारते, तुम्ही कोण? परवा तिला शाल सापडेना, तर शेजारच्या काकूंना दारात बोलावून सांगितलं, ही बाई माझ्या वस्तू चोरते, मला उपाशी ठेवते. शाल तिच्या अंगावरच होती. काकू हसल्या, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. आजार आहे, कळतं मला. पण कळलं म्हणून राग यायचा थांबतो थोडाच? राग येतो, आणि आला म्हणून मग स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात कामावर एका आजींचा फोन आला. नवरा स्वयंपाकघरात कोसळला होता. गाडी पाठवली, ती पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. आजोबा वाचले. पुढचा फोन उचलला आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय आणि मी भिंतीकडे बघत बसलेय. शेजारच्या मैत्रिणीने तो कॉल स्वतःकडे घेतला म्हणून निभावलं. साहेब ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं आणि रजेवर पाठवलं. तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, आणि एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलंय. तुला बोलले नाही, कारण फोनवर तू "कशी आहेस" विचारलंस की "बरी आहे" हे आपोआपच निघतं. काल त्या बाईंनी विचारलं, "आईचं बघायला घरचं अजून कोण आहे?"

मी म्हणाले, "कोणी नाही."

जिना उतरताना लक्षात आलं, मला भाऊ आहे. म्हणून हे पत्र. महिनाभर ये. सल्ला नको, व्हिडिओ नको, तू ये. समोर उभा राहिलास तर आई कदाचित तुलाही ओळखणार नाही. ते सोसायलाच ये. आणि जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे पुढच्या वेळी त्या बाईंना तेच उत्तर देताना माझी जीभ अडखळणार नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी