ब्राऊन जोडीचा पीळ

४ नोव्हें.
नव्या नेटवर्क केबलचा नमुना चाचणीत नापास. तारांच्या चार जोड्यांपैकी हिरव्या जोडीतला सिग्नल ब्राऊनमध्ये झिरपतोय. निळी, नारंगी ठीक. साहेबांनी कारण लिहून मागितलं. लिहिलं: पीळ एकसारखा बसला नाही, मशीनवर ताण कमी-जास्त झाला असावा. मशीनवर देवरावकाका होते. नाव घातलं नाही, पण घातल्यासारखंच.

५ नोव्हें.
काकांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. बावीस वर्षं तारांना पीळ देणारा माणूस खोक्यांना टेप लावतोय. जेवणाच्या सुट्टीत समोर आले. "जेवल्या का, मॅडम?" एवढंच. डबा तसाच बंद केला.

७ नोव्हें.
सकाळी गेटवर सायकल लावून काका थेट माझ्या टेबलाशी. नापास केबलचा हातभर तुकडा काल मागून नेला होता म्हणे. साल काढलेली. चारही जोड्या शेजारी शेजारी मांडल्या.
"हे पाहा. निळीचा पीळ वायला, नारंगीचा वायला. हिरवी आन् ब्राऊन मात्र पावलाले पाऊल लावून चालून राहिल्या. ताणाची गोष्टच नाही. पीळ मस्त बसला."
पट्टी लावली. खरंच.
माझा डिझाइनचा तक्ता उघडला. तांबं वाचावं म्हणून मागच्याच आठवड्यात ब्राऊनचा पीळ मी सैल केला होता. तो हिरवीच्या इतका जवळ गेला, ते पाहिलंच नाही. चार जोड्यांचे चार वेगळे पीळ, नाही तर सिग्नल एकीतून दुसरीत जातो! हे तर नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलेलं.
"काका, तेव्हाच का नाही बोललात?"
"अंदाजानं कायले बोलू? डोळ्यानं पाहिलं, मंग बोललो."
वडील पवनीला हातमागावर बसायचे त्यांचे. सूत निरखायची सवय तिथली, म्हणाले.

८ नोव्हें.
जुना रिपोर्ट मागे घेतला. चूक माझ्या तक्त्यात, असं सहीनिशी दिलं. साहेबांनी वाचलं. मग, "हे खाली सगळ्यांसमोर सांगाल?"
सांगितलं. मशीन थांबवल्या होत्या, त्यामुळे माझाच आवाज फारच मोठा वाटला. काकांची माफी मागितली. ते जमिनीकडे पाहत होते.
"बस झालं, मॅडम. ब्राऊनचा पीळ किती ठेवाचा, ते सांगा."
बाहेर येऊन रडले. बरं वाटलं.

११ नोव्हें.
काका परत मशीनवर. गिअर बदलले. चालू करण्याआधी तारेचा ताण बोटानं कसा ओळखायचा ते दाखवलं. नऊ वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. एवढ्या सहज देऊन टाकलं त्यांनी. मी काय केलं होतं, त्याचा एक शब्द नाही.
आपल्या टेस्टरवर पास! हिरवी-ब्राऊन दोन्ही शांत.

१४ नोव्हें.
नमुना वरठी स्टेशनहून रेल्वेनं रवाना, ग्राहकाच्या लॅबला. पास झाला तर दुसरी पाळी सुरू, नाही तर ही लाइनच बंद. साहेब स्पष्ट बोलले. भीती आहेच, पण या दहा दिवसांनी जे दिलं ते काही जात नाही.
नमुन्याच्या कागदावर डिझाइनपुढे माझं नाव असतं. शेजारी काकांचं पूर्ण नाव लिहिलं, साहेबांना विचारून.
काकांनी चष्मा लावून वाचलं. "माझं काहून?"
"तुम्हीच शोधलंत."
"आन् फेल झालं तं? दोघाइचंही नाव खराब होईन."
"होऊ द्या."
हसले. निकालाला अजून दोन आठवडे.