मामांची शिंक आणि पाच हजार वर्षांचं हाड

तीर्थरूप मामांना भाच्याचा, मान खाली घालून केलेला नमस्कार.

तुमची सर्दी कशी आहे? (विचारण्यात निव्वळ माया नाही, ते पुढे कळेलच.) मामी बऱ्या असतील. मी मात्र तोंड लपवायला जागा शोधतो आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा भाच्याची ऐट दाखवायला मी तुम्हाला आमच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे बाहेरच्याला मज्जाव आहे, हे सांगितलं नव्हतं. टेबलावर पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाडाची भुकटी होती. तिच्यातल्या डीएनएवरून तो माणूस कसा होता ते कळतं, असं समजावत मी मोठा दिवा लावला. लख्ख उजेड पडला की तुम्हाला शिंक येते (आजोबांना यायची, मलाही येते, सगळी त्या डीएनएचीच कृपा) आणि गप्पांच्या भरात तुमचा मास्क हनुवटीवर आला होता. पुढचं तुम्हाला आठवत असेल. मी टेबल पुसलं आणि गप्प बसलो.

काल आमच्या प्रमुख बाईंनी (या हाडापायी त्यांनी तीन वर्षं रक्त आटवलंय) सगळ्यांना निकाल वाचून दाखवला. हा प्राचीन पुरुष टकला असावा. त्याला दूध पचत नसावं. उजेडात तो शिंकत असावा. बाई एकेक वाक्य कौतुकानं दोनदा वाचत होत्या आणि मला वाक्यागणिक तुम्ही दिसत होतात. लाजेनं माझे कान तापले. हाडात आमच्यापैकी कुणाचा डीएनए मिसळला नाही ना, हे ताडून पाहायचं काम माझ्याचकडे. ताडला, तर चौथा हिस्सा माझ्याशी जुळला. पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सख्ख्या मामाइतका जवळचा कसा असेल? पुढच्या आठवड्यात बाई भर सभेत हे मांडणार होत्या, म्हणून जाऊन सांगितलं की शिंक माझी होती. तुम्हाला आत नेल्याचं सांगायला जीभ रेटेना. बाई एवढंच म्हणाल्या, की तुझी थुंकी पुन्हा दे, जुळवून नोंद करू.

तुमचा,
तोंड दाखवायची सोय न उरलेला भाचा

ता. क. माझी थुंकी चौथा हिस्साच जुळेल, म्हणून सोबत नळी आहे. सकाळी चूळ भरण्याआधी तिच्यात थुंकून उलट टपाली पाठवा. वर नाव माझं घालीन. मामींना कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाई आल्या. आपला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “खरं बोललास, आता चार घास खा.” मी घास खाली ठेवला. शिंक तुमची, आत नेलं मी, सगळं ओकून टाकलं. बाईंनी डब्याला झाकण लावलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सभा रद्द झाली, उरलेलं हाड पुन्हा तपासायचं आहे, आणि मला त्या खोलीत वर्षभर बंदी आहे. तेव्हा नळी रिकामीच ठेवा. बाईंचा निरोप मात्र आहे: तीन वर्षं ज्यांची वाट पाहिली, त्या पूर्वजांना एकदा डोळे भरून बघायचंय. या. फाटकाबाहेरच भेटू.