नऊ ओळींचा उशीर

कोपरखार, रेवसजवळ
ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. मनाली हिला आजीचा जय भीम आणि डोक्यावरून हात.

तुझं पत्र पोचलं. मी अंगणात भात वाळत घालत होते, ते तसंच टाकून वाचायला बसले. कोंबड्यांचं फावलं. साठीला आल्यावर साक्षरतेच्या वर्गात चार महिने बसले त्याचं आज सोनं झालं बघ. एकदा माझं मी वाचलं, एकदा तुझ्या आजोबांना वाचून दाखवलं, मग शेजारची ठमाबाई मीठ मागायला आली तर तिला पण ऐकवलं. ती मीठ न नेताच गेली. फोनवर आपलं सगळं बोलणं ऐकू येतंय का, ऐकू येतंय का करण्यात सरतं. त्यापेक्षा हे बरं, कागद मधेच कट होत न्हाय.

तू लिहिलंस की गाडीत सहा फोन मांडून अख्खी नवी मुंबई फिरतेस. कुठल्या कंपनीची रेंज कुठवर, वेग किती, आणि हाक मारल्यावर ओ यायला उशीर किती, ते मोजतेस. ठमाबाईला वाटलं माझी नात फोन विकते. मी म्हटलं विकत न्हाय, तपासते. ती कंपन्यांची मास्तरीण हाय.

तुझ्या आजोबांना मात्र लगेच समजलं. म्हणाले, हे तर आमचं भोंग्याचं मोजणं. रेवसच्या लाँचवर खलाशी होते तेव्हा धुक्यात काही दिसायचं न्हाय. मग आपला भोंगा द्यायचा आणि समोरच्या लाँचचा भोंगा येईपर्यंत मोजायचं. तांडेल आकडे मोजायचा, हे मनात बुद्धं सरणं गच्छामि, त्रिसरणाच्या नऊ ओळी म्हणायचे. दोन ओळींत उत्तर आलं तर समोरचा जागा हाय. नऊ ओळी संपल्या आणि उत्तर न्हाय, तर इंजिन मंद करायचं. एवढं सांगताना त्यांना दम लागला, मग मी गप्प केलं.

आम्हाला खारघरला न्यायचं तू पुन्हा लिहिलंस. अगं, चौदाव्या मजल्यावर हे काय बघतील? इथे खाटेवरून खाडी दिसते, लाँच दिसते. ह्यांना इथेच राहायचं हाय. मला विचारशील तर मला पण.

रत्नपालचा फोन नांदेडहून आला होता. बापाची तब्येत विचारली आणि शाळेची घंटा झाली म्हणून ठेवला. तुझा बाप अजून तसाच.

माया हाय तशी राहू दे. जेवण वेळेवर कर.

तुझी आजी
धोंडूबाई


खारघर
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस आणि आजोबांना सप्रेम जय भीम.

भोंग्याची गोष्ट मी आमच्या टीममधल्या सगळ्यांना सांगितली. प्रणय म्हणून आमचा ड्रायव्हर आहे, तो आता सिग्नलला थांबला की हॉर्न देतो आणि मोजतो. त्याला आवरा.

शहराचं मोजणं अर्धं झालंय. गंमत म्हणजे ज्या कंपनीचा वेग सगळ्यात जास्त, तीच हाकेला ओ द्यायला सगळ्यात आळशी निघाली. एकदा चालू झाली की धावते, पण उठायलाच वेळ. आणि फोनवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नकोस. तुमच्याकडे पाण्यापलीकडून मुंबईचा टॉवर दिसतो म्हणून दांड्या भरलेल्या असतात. टॉवरचा आवाज मोठा, तो तुमच्यापर्यंत येतो. आपल्या फोनचा आवाज बारीक, तो तिथवर जात नाही.

आता थोडं कडू लिहिते. ऑक्टोबरात आजोबांच्या छातीत दुखलं तेव्हा ऋतिकाताई आशा सेविकेची गावातली फेरी सोडून बांधावर धावली, रेंज शोधत. रुग्णवाहिकेला फोन लागायलाच चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, नशीब. मला नशिबावर झोप लागत नाही, आजी.

म्हणून एक अट. आजोबांच्या खाटेवरून फोन लागला पाहिजे. तुझं सिम, आजोबांचं सिम आणि ऋतिकाताईचं सिम, तिन्ही घे. प्रत्येकावरून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मला फोन लाव आणि घंटा वाजेपर्यंत मोज. आम्ही इथे सेकंदाचा हजारावा भाग मोजतो, तू ओळी मोज. खरोखर लागत असेल तर खारघरचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नसेल तर डिसेंबर संपायच्या आत गाडी घेऊन येते.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी
मनाली


कोपरखार
ता. १ डिसेंबर २०२४

चि. मनाली हिला आजीचा जय भीम.

तुझ्या हुकमाप्रमाणे मोजणी केली. ऋतिका म्हणते, आजी, तुम्ही आता सरकारी माणूस. तिचं शिम तिने दोन दिवस माझ्या हवाली केलं. वहीचा कागद आडवा धरून रेघा मारल्या. तीन शिमं, तीन वेळा, नऊ घरं. खाली लिहिते.

माझं शिम: सकाळी दोन ओळी, दुपारी दोन, संध्याकाळी दोन.
ह्यांचं शिम: दोन, दोन, दोन.
ऋतिकाचं शिम: दोन, दोन, दोन.

बघ, तुझ्या वाशीपेक्षा आमचं कोपरखार बरं. घंटा झाली की मी लगेच ठेवत होते, तुझ्या कामात खोळंबा नको म्हणून.

बाकी ठीक. चांदी शेळीने ठमाबाईचं वाळत घातलेलं नऊवारी पदराकडून खाल्लं. आता ती म्हणते लुगडं तरी दे न्हायतर शेळी तरी दे. मी म्हटलं लुगडं शेळीच्या पोटात हाय, दोन्ही एकदमच मिळेल. सहा तारखेला दादरला जायचं ह्यांच्याने होणार न्हाय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विहारातच मेणबत्ती लावू.

तेव्हा खारघरचा विषय मिटला असं समजते. जीव लाव, पण आम्हाला हलवू नको.

तुझी आजी
धोंडूबाई


खारघर
ता. ८ डिसेंबर २०२४

ती. आजीस जय भीम.

तुझा कागद मी ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलाय. रेघा फार सुंदर आहेत.

पण आजी, मी हेच काम करते. वाशीत एकाच टॉवरखाली, एकाच जागी उभं राहून तीनदा मोजलं तरी तीन आकडे वेगळे येतात. संध्याकाळी लोक घरी येतात, सगळे एकदम फोन उघडतात, तेव्हा तर नक्कीच वाढतात. तुझ्या नऊ घरांत नऊ वेळा दोन. खरं मोजलेलं इतकं शहाण्यासारखं वागत नाही. शिवाय त्या दोन दिवसांत माझ्या फोनवर तुमच्याकडून एकही घंटा वाजली नाही.

मी रागावले नाही. फक्त सांग, खाटेवरून एकदा तरी फोन लागला का? आणि नसेल लागला, तर माझ्याशी खोटं बोलण्याइतकं तुला खारघर नकोसं का आहे?

वाट बघते.

मनाली


कोपरखार
ता. १५ डिसेंबर २०२४

चि. मनाली हिला आजीचा जय भीम. डोक्यावर हात ठेवायला आज मन कचरतं.

तू पकडलंस. चार दिवस कागद समोर घेऊन बसत होते. खरं लिहिते.

पडवीत ह्यांच्या खाटेवरून माझ्या शिमच्या दांड्या भरलेल्या, पण नऊ ओळी तीनदा म्हटल्या तरी घंटा न्हाय. ह्यांच्या शिमवर बाई काहीतरी इंग्रजीत बोलते आणि ठेवते. ऋतिकाचंही पडवीत मुकं. स्वैपाकघरात तेच, माजघरात तेच.

एकच जागा हाय. ज्या दिवशी चांदीने ते लुगडं खाल्लं, त्या दिवशी मी ते ओढायला तिच्या गोठ्यात वाकले आणि कमरेच्या पिशवीत ऋतिकाच्या शिमचा फोन वाजला. तिच्या नवऱ्याचा होता, पेणहून, चक्कीवर उभा राहून पीठ जाड हवं की बारीक विचारत होता. एवढं स्पष्ट की मागे चक्की ऐकू येत होती. मग मी तिथेच उभी राहून तिच्या माहेरी लावून बघितलं. तुला लावला असता तर तू विचारलं असतंस कुठून बोलतेस. सकाळी दोन ओळी, दुपारी दोन, संध्याकाळी सगळी मालिका बघतात तेव्हा चार. त्या कोपऱ्यातून डोंगर आडवा येत न्हाय, रेवसचा टॉवर सरळ दिसतो.

म्हंजे मला माहीत होतं, मनाली. तरी खोटं लिहिलं. का, ते सांगते. तुझ्या आजोबांच्या बापाला, माझ्या सासऱ्यांना, गावातल्या घरांत गोठ्याच्या पुढे कधी येऊ दिलं न्हाय. पाऊस असो, ताप असो, बसायचं ते गुरांच्या बाजूला. ह्यांनी तीस वर्षं लाँचवर दोर ओढून हे पक्कं घर बांधलं. पहिल्या दिवशी बापाला हात धरून पार आत, माजघरात नेऊन बसवलं. म्हातारा रडला होता. त्या घरच्या मालकाला मी शेवटच्या आजारात गोठ्यात निजवू? माझ्याने कागदावर लिहवेना. गोठा लिहिण्यापेक्षा नऊ वेळा दोन लिहिणं सोपं वाटलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते ह्यांनीच वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. सगळं बाहेर पडलं. मला वाटलं आता बोलणं बंद. तर खोकला येईस्तोवर हसले. म्हणाले, लोकांनी बसवलं तर तो गोठा, आपण जाऊन बसलो तर ती आपली खोली. आणि म्हणाले, धोंडू, धुक्यात खोटा भोंगा देऊ नये, लाँच आपटते.

तर आता असं झालं. ऋतिका आणि मी गोठा धुतला, ऋतिकाच्या नवऱ्याने चुना मारला, भिंतीत खिडकी पाडली. खाट तिथे. ऋतिकाचं शिम आमच्याकडे, माझं तिच्याकडे. खिडकीतून लाँच दिसते म्हणून ह्यांनी दारावर खडूने केबिन असं लिहिलंय. चांदी पडवीत. ठमाबाई येऊन म्हणाली, काय गं, मालक गोठ्यात आणि शेळी ओटीवर? मी म्हटलं, ज्याची जशी रेंज.

पुढच्या रविवारी सकाळी केबिनमधून तुला लावते. तू पण मोज. मग ठरव. तू गाडी घेऊन आलीस तर मी आडवी येणार न्हाय, खोटं बोलून तो हक्क मी गमावला.

माफ केलंस तर लिही, न्हाय केलंस तरी लिही.

तुझी आजी
धोंडूबाई


खारघर
ता. २३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस जय भीम.

घरून येऊन आठवडा झाला. आजोबांच्या जलदान विधीला तुझ्याशेजारी बसले होते, पण भोवती सगळं गाव होतं. म्हणून लिहिते.

शहराचा अहवाल काल दिला. तेराशे ठिकाणं, प्रत्येक ठिकाणचा वेग, प्रत्येक ठिकाणचा उशीर. सगळ्यांनी कौतुक केलं. मी खाली येऊन जिन्यात बसले. आमच्या इमारतीपासून हॉस्पिटल आठ मिनिटांवर आहे, आजी. डिसेंबरात तुझा फोन दोन ओळींत लागला, आजोबा म्हणाले की केबिनमध्ये झकास चाललंय, आणि मी हो म्हटलं. एका आकड्यावर विश्वास ठेवून मी माझ्या आजोबांना गोठ्यात राहू दिलं.

आणि त्या सकाळी तू फोन केलास तेव्हा मी काही बोललेच नाही. तुला वाटलं असेल मी ठेवला. मी ठेवला नव्हता.

मनाली


कोपरखार
ता. २ मार्च २०२५

चि. मनाली हिला आजीचा जय भीम. आज डोक्यावर दोन्ही हात ठेवले असं समज.

पत्र आलं, एकदाच वाचलं. ठमाबाईला वाचून दाखवलं न्हाय. हे आपलं दोघींचं.

त्या सकाळचं तुला कुणी नीट सांगितलं न्हाय, मी सांगते. उजाडत होतं, धुकं एवढं की खिडकीत नुसतं पांढरं. ह्यांनी छातीवर हात ठेवला. मी तिथल्या तिथे फोन लावला, दोन ओळींत दवाखान्याच्या गाडीवाल्यांनी उचलला, पत्ता एकदाच सांगावा लागला. मी कुठे धावले न्हाय, पोरी. ऑक्टोबरात मी बांधावर ऋतिकाच्या मागे धावत होते आणि हे पडवीत एकटे होते. ह्या वेळी अख्खा वेळ त्यांचा हात माझ्या हातात होता. ही तुझ्या मोजणीची कमाई.

मग सातच्या लाँचने रेवसला भोंगा दिला. ह्यांनी डोळे उघडले. ओठ हलायला लागले, मला कळलं मोजतायत. मी पण बरोबर म्हणू लागले. सहाव्या ओळीला त्यांचे ओठ थांबले. मी पुढच्या तीन एकटीने म्हटल्या. तेवढ्यात पलीकडून दुसऱ्या लाँचचा भोंगा आला. गाडी त्यानंतर थोड्या वेळाने पोचली. अलिबागच्या डॉक्टरने रत्नपालला सांगितलं, दवाखान्याच्या दारात असते तरी हेच झालं असतं. तू त्यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नको, मी ठेवलाय. तुझ्या चौदाव्या मजल्यावर त्यांना तो भोंगा ऐकू आला नसता, एवढं तर मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको.

आणि गोठ्याचं म्हणशील, तर दारावरचा खडू मी पुसलेला न्हाय. येऊन वाच, काय लिहिलंय ते.

आता तुझ्या फोनचं. ह्यांचे डोळे मिटले आणि मी तुला लावला. दोन ओळींत तू उचललास. मी सांगितलं. पुढे काही न्हाय. मला सवयच लागली होती, तोंड आपोआप म्हणू लागलं. पहिल्या तीन ओळी झाल्या, तू न्हाय. पुढच्या तीन झाल्या, तू न्हाय. मी त्या शिमला मनात शिव्या घातल्या, म्हटलं ऐन वेळेला दगा दिला. शेवटच्या तीन झाल्या. नऊच्या नऊ. आणि मग मला तुझा श्वास ऐकू आला, अगदी कानाशी, चौदाव्या मजल्यावरून. मध्ये काही तुटलेलं नव्हतं. मग मी फोन तसाच धरून बसले, एका हातात तू आणि एका हातात ते.

तेव्हा तुझ्या अहवालात जागा असेल तर एक ओळ घाल. कोपरखारच्या केबिनपासून खारघरपर्यंत, उशीर नऊ ओळी. त्या दिवशी दोष शिमचा नव्हता, आणि तुझा तर न्हायच न्हाय.

चांदीला पिल्लू झालंय, पडवीतच. आता ती काही तिथून उठणार न्हाय, आणि मला केबिनमध्ये झोप चांगली लागते. सकाळी लावत जा. मी मोजत बसेन.

तुझी आजी
धोंडूबाई