कोरड्या अंगानं समुद्रात

राजाजीनगर, बंगळूर
मार्च १९९७

प्रिय क्षितिज,

रविवारी फोनवर तू जे बोललास ते मी नीट ऐकलं. मी गप्प होते म्हणून तुला वाटलं असेल, आईला पटलं. तसं काही नाही. परदेशच्या फोनवर दोघं एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून थांबले. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, तेव्हा आता सावकाश सांगते.

पहिली बातमी, माझा ड्रायसूट ठरला, पाण्यातही अंग कोरडं ठेवणारा तो पोशाख. "आई, छप्पन्नाव्या वर्षी हे काय नवीन खूळ?" असं तू विचारलंस. खूळ नवीन असेल, पण ते तुमच्याच नॉर्वेतल्या बर्गनचं आहे. मागच्या वर्षी सिद्धीच्या जन्माच्या वेळी मी आले होते, तेव्हा दुपारी तिला बाबागाडीत घालून धक्क्यावर फिरवायची. एकदा तिथं पाण्यातून एक बाई वर आली. काळा पोशाख, पाठीवर हवेची टाकी. हात लावला तर बोटं बधिर व्हावीत असं ते पाणी! बाईनं टाकी उतरवली, पोशाखाची चेन उघडली, आणि आतून निघाला लोकरी स्वेटर. कोरडा ठणठणीत! मी बघतच राहिले. ती माझ्याहून चांगली सात-आठ वर्षांनी मोठी. मला म्हणाली, "तुम्हाला पोहता येतं?" मी म्हटलं, "येतं, आणि टाकी लावून खाली जाताही येतं." त्या ग्रेटेबाई. त्यांची माझी ओळख तुला कधीच आवडली नाही. घरी आल्यावर तू केतकीला म्हणालास, "आईला तिकडे एकटीला पाठवू नकोस." मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं.

पोहायला मी वेंगुर्ल्याला शिकले, पाठीला सुके भोपळे बांधून, आमच्या विहिरीत. लग्नानंतर सुटलं. तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ कृष्णेत बुडाला होता, त्यामुळे नदी-तळ्याचं नाव काढलं तरी ते विषय बदलायचे. त्यांच्या कारखान्याच्या सहलीला शिवनसमुद्रला गेलो तेव्हा मी धबधब्यापासून लांब उभी राहून सगळ्यांना पुऱ्या वाढल्या. माझी तक्रार नव्हती. माणूस फार चांगला होता, आणि त्यांची भीती खरी होती. पण ती त्यांची होती, क्षितिज. ते गेल्यावर इतर वस्तूंबरोबर तीही वारशानं तुझ्याकडे आली आणि तू ती माझ्यावर पांघरायला निघालास. सिद्धीच्या जन्माच्या आदल्या वर्षी लक्षद्वीपला मी माझी मैत्रीण कस्तुरी हिच्या आग्रहानं गेले. कॉलेजच्या पोरांबरोबर टाकी लावून खाली उतरले. वर आल्यावर वाळूत बसून खूप रडले. कस्तुरी घाबरली, म्हणाली, "सुलभाताई, काय झालं? कान दुखतोय?" तिला काय सांगू? इतकी वर्षं मी कुठे होते, हे मलाच कळेना.

तर सूट. ग्रेटेबाईंनी फॅक्सनं चित्रं पाठवली आणि कुठला हवा ते तुम्हीच ठरवा म्हणाल्या. बाबांचे मित्र विश्वासराव, पीण्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा रबराचा कारखाना आहे, ते हौसेनं मदतीला आले. त्यांचं एकच टुमणं, "वहिनी, जाड घ्या. जाड फोमचा रबरी सूट मुळातच ऊबदार." मी म्हटलं, खोल गेलं की पाण्याच्या दाबानं तो फोम चेपतो आणि ऊब कमी होते. त्यापेक्षा पातळ, कापडी, पाणी न शिरणारा सूट बरा. आत थंडीप्रमाणे लोकरी कपडे घालावेत, आणि विमानात न्यायलाही हलका. विश्वासराव म्हणाले, "अजित असता तर जाडच घेतला असता." मी म्हटलं, "अजित असते तर सूटच घेतला नसता." मग दोघंही हसलो. पहिल्यांदाच त्यांचं नाव निघालं आणि दोघांना हसता आलं.

मानेशी आणि मनगटाशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, पाणी तिथंच अडतं. विश्वासरावांनी तसल्या लॅटेक्स रबराचा तुकडा आणून दिला. गळ्याला सवय व्हावी म्हणून तो घालून मी नारळ खवत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या गंगव्वा आल्या. "अय्यो अक्का, गळ्याला काय झालं? स्वल्प सैल करा, डोळे बाहेर येतील!" डोळे जागेवरच राहिले, पण संध्याकाळी गळ्याभोवती लाल चट्टे उठून खाज सुटली. मला लॅटेक्स चालत नाही. तेव्हा पट्ट्या निओप्रिनच्या, म्हणजे मऊ फोमच्या रबराच्या घेतल्या. हे बंगळूरच्या स्वयंपाकघरात कळलं ते बरं झालं, तुमच्या फ्योर्डच्या, त्या डोंगरांमधल्या खाडीच्या गार पाण्यात कळलं असतं तर?

मापं द्यायला शिवाजीनगरच्या शिंप्याकडे गेले. मानेपासून पायांमधून पुढे गळ्यापर्यंत टेप फिरवायचा असं समजल्यावर मास्टरनं टेप मुकाट्यानं आपल्या बायकोच्या हातात दिला. मग लांबून विचारलं, "अक्का, ये पहन के जाना किधर?" मी म्हटलं, समुद्रात. "भीगते नहीं क्या?" मी म्हटलं, जराही नाही. "तो फिर जाना कायकू?" त्याच्या बायकोनंच उत्तर दिलं, "तुम छतरी लेके बाजार नहीं जाते क्या?"

शेवटी राहिली चेन. पाठीवरची चेन दणकट असते, पण ती दुसऱ्या कुणीतरी लावायची. ग्रेटेबाईंना ती आवडते, त्यांचे यजमान लावून देतात. मी छातीवरून तिरकी जाणारी घेतली, आपल्या हातानं लागते आणि आपल्याच हातानं उघडते. सूटमध्ये हवा भरणं-सोडणं आधी उथळ पाण्यात शिकावं लागतं. हवा पायांत गेली तर माणूस उलटा होतो. ते मी शिकेन. उगाच धाडस करायला मी वीस वर्षांची नाही, हे वय असण्याचे काही फायदेही आहेत.

तू म्हणालास, "तिथं बंगळूरला तुझं आहे कोण?" सांगते. तरणतलावावर सकाळी बायकांची वेळ असते. तिथं मी शिकवते. गंगव्वा पहिल्या दिवशी कठडा सोडेनात, माझ्या हाताला त्यांच्या नखांचे वळ उठले होते. आता त्याच सांगतात, "सरी अक्का, आज खोल बाजूला जाऊ." उन्हाळ्यात पाच-सहा जणींना घेऊन मी लक्षद्वीपला जाणार आहे. माझं इथं कोण आहे, ते हे.

आता हे पत्र का. काल दुपारी दोन माणसं गाडीतून आली. अंगणात उभं राहून एक दुसऱ्याला कन्नडमध्ये म्हणाला, "हे सगळं पाडायचं." चाळीस वर्षं या गावात काढलेल्या बाईला कन्नड येत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मग मला आदरानं विचारलं, "अम्मा, जूनमध्ये घर रिकामं होईल ना? क्षितिज सरांनी सांगितलंय." तेव्हा मला तुझ्या रविवारच्या "आई, कायमची ये, घराचं मागाहून बघू" या वाक्याचा अर्थ लागला. मी त्यांना कॉफी दिली आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तू हे माझ्या काळजीपोटी केलंस, यावर माझा विश्वास आहे, म्हणून रागावून फोन केला नाही. पण बाळा, यापुढे माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर मला विचारायचं. जूनमध्ये मी येणार. सिद्धीला अंगाखांद्यावर खेळवणार, केतकीला झोप मिळू देणार, आणि शनिवारी समुद्रात उतरणार. हे तुला चालणार नसेल तर मोकळेपणानं कळव. ग्रेटेबाईंनी त्यांची माडीवरची खोली देऊ केली आहे. मला मात्र तुझ्याकडेच उतरायला आवडेल. तिकीट आज सकाळी काढलं. जाण्याचं, आणि परतीचंही.

तुझीच, आणि माझीही,
आई