पालेन्सियातली माझी प्रोफेसरी

२ सप्टेंबर १९९६
खोली मिळाली. आता नोकरी तेवढी बाकी. इंग्लंडात डॉनकास्टरमधलं कार्पेटचं दुकान बंद पडलं तेव्हा सगळे म्हणत होते, डेस्मंड, आता या वयात तुझं काय होणार? आता बघा म्हणावं. स्पेनमध्ये इंग्रज माणूस नुसता रस्त्यात उभा राहिला तरी इंग्लिशचे क्लासवाले हात धरून नेतात म्हणे. आणि मी तर जन्मापासून इंग्लिश बोलतोय. एवढा अनुभव कोणाकडे आहे?
संकल्प: या महिन्यात नोकरी, नाताळपर्यंत हेडमास्तर.
घरमालकीण चारोबाईंना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये प्रोफेसर आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का? मागचा भाडेकरूही प्रोफेसरच होता. पडदे घेऊन पळाला.

५ सप्टेंबर
गावातले सगळे क्लास पालथे घातले. निम्मे दुपारच्या झोपेसाठी बंद. एका ठिकाणच्या बाईंनी सर्टिफिकेट मागितलं. मी म्हटलं, माशाला कोणी पोहण्याचं सर्टिफिकेट विचारतं का? त्या म्हणाल्या, मासा शिकवण्या घेत नाही.
नुकसान त्यांचंच.

१० सप्टेंबर, सकाळी
'अकॅडमी बकिंगहॅम'मध्ये इंटरव्ह्यू. मालक फर्मीनसाहेब. समोर वर्ग बसवला आणि म्हणाले, 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यातला फरक समजावून सांगा.
हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. तरी डगमगलो नाही. सांगितलं, दुसऱ्यात पोट जास्त भरतं.
वर्ग खो खो हसला. हसतखेळत शिक्षण म्हणतात ते हेच. फर्मीनसाहेब हसले नाहीत. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, तुमची उंची मात्र छान आहे.

१६ सप्टेंबर
नोकरी लागली!! प्रसिद्धी विभाग. मोठ्या चौकात काळी गोल हॅट घालून क्लासची पत्रकं वाटायची. फर्मीनसाहेबांची सूचना: तोंड उघडू नका, फक्त इंग्रज दिसा. एवढा विश्वास ते दुसऱ्या कोणावर टाकतील असं वाटत नाही. हॅट लहान होते. एका आजीबाईंनी विचारलं, सर्कस कधीपासून?

२३ सप्टेंबर
पहिला विद्यार्थी! चौकात त्यानेच मला गाठलं. ओनोरियो, सत्तरीचा, निवृत्त खाटीक. म्हणाला, मास्तर, क्लासात पोरंटोरं मला हसतील. तुम्ही घरी या. शिकवा आणि माझ्याबरोबर जेवा.
मुलगा इंग्लंडमध्ये, लीड्सला होता. गेल्या हिवाळ्यात वारला. नात जेम्मा तिथेच आईजवळ असते, सून इंग्रज. बाप होता तोवर पोर स्पॅनिश बोलायची, आता सगळं विसरली. दर रविवारी फोन येतो आणि दोघं नुसता एकमेकांचा श्वास ऐकतात. नाताळच्या आत तिच्याशी दोन शब्द बोलायचेत म्हणाला.
थोडक्यात, घरगुती कारण. मी म्हटलं, दोन शब्द कसले, नाताळपर्यंत तुम्ही लंडनच्या पार्लमेंटात भाषण ठोकाल.

७ ऑक्टोबर
प्रगती जोरात. माझी पद्धत साधी आहे. ताटातल्या पदार्थाचं नाव मी इंग्लिशमध्ये सांगतो, तो स्पॅनिशमध्ये सांगतो, मग मी ते त्याचं समाधान होईपर्यंत घोकतो. आज मसूर आणि रक्ताचं सॉसेज झालं. माझा उच्चार त्याने पुन्हापुन्हा दुरुस्त केला. विद्यार्थी चौकस आहे. जेवणानंतर मी माझी कार्पेटच्या दुकानातली वर्षं सविस्तर सांगतो, इंग्लिशमध्ये. कान तयार व्हायला हवा ना.

१८ ऑक्टोबर
अकॅडमी बकिंगहॅम सोडली. म्हणजे त्यांनी सोडायला लावली. चौकात एका बाईंनी पोस्टाचा रस्ता विचारला आणि माझ्या तोंडून घडाघडा स्पॅनिश बाहेर पडलं. फर्मीनसाहेब मागेच उभे. म्हणाले, अहो, खुद्द इंग्रजच स्पॅनिश बोलायला लागला तर आमच्याकडे कशाला कोण येईल झक मारायला? आणि हॅट काढून घेतली.
बरं झालं. अध्यापनाला आता पूर्ण वेळ देता येईल.

११ नोव्हेंबर
चारोबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, प्रोफेसर, काय सुरेख बोलता हो आता! शिव्यासुद्धा अगदी खाटकासारख्या देता. त्या म्हाताऱ्याला इंग्लिश किती आलं?
मी म्हटलं, सध्या पाया घालतोय.
त्या म्हणाल्या, घाला घाला. पण त्या बिचाऱ्याला वाटतंय घर त्याचं बांधताय.
बाईंना शिक्षणशास्त्रातलं काही कळत नाही.

१५ डिसेंबर
चाचणी घेतली. विचारलं, 'हाऊ आर यू?' ओनोरियोने डोळे मिटले, खूप विचार केला आणि म्हणाला, 'कार्पेट.'
उच्चार निर्दोष.
मग आपणहून म्हणाला, मास्तर, चूक तुमची नाही, माझं डोकंच म्हातारं. मला जेवण गेलं नाही. थंडीमुळे असेल.

२२ डिसेंबर, रविवार
फोन आला. ओनोरियो इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी खबरदारी म्हणून सोपी वाक्यं कागदावर लिहून दिली होती. 'हॅलो' म्हणाला आणि थांबला. कपाळावर घाम. मी कानात एकेक शब्द सांगत होतो, पण एकही बाहेर येईना. शेवटी रिसिव्हर माझ्या हातात दिला. म्हणाला, मास्तर, तुम्हीच विचारा हो, जेवली का पोर?
विचारलं. ती म्हणाली, तुम्ही कोण?
मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा प्रोफेसर.
ती म्हणाली, आजोबांना द्या ना.
दिला. नेहमीसारखं श्वास ऐकणं सुरू. मग ओनोरियोने घसा खाकरला आणि डुकराचा आवाज काढला. जन्म डुकरांत गेलेला माणूस, भिंत हादरली. मग तिकडून बारीक आवाजात एक बकरी ओरडली. इकडून गाय गेली. तिकडून बदक आलं. गाढवापर्यंत पोचता पोचता म्हाताऱ्याला हसू आवरेना, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि रिसिव्हरमधून पोरीचं खिदळणं खोलीभर ऐकू येत होतं. मी कागद धरून उभा. त्यावर सगळ्यात वर, 'व्हेअर इज द स्टेशन?'
फोन ठेवल्यावर त्याने नाक शिंकरलं. म्हणाला, मास्तर, आता शिकवायला येऊ नका. मग माझ्याकडे बघून म्हणाला, जेवायला येत जा.
मी म्हटलं, बघतो, जमतंय का.
मला कोंबड्याचा आवाज चांगला काढता येतो. कोणी विचारलं नाही.