पुस्तक नापास

५ फेब्रुवारी

नापास! माझी मुलगी! आणि तीही भौतिकशास्त्रात!

गणितात पहिल्या चारात, रसायनात बरी, आणि आईच्या विषयात दांडी गुल. निकालपत्रावर नुसतं ‘अनुत्तीर्ण’ छापलंय. गुण हवे असतील तर वेगळा अर्ज करायचा म्हणे. नवरा म्हणाला, “करूया का अर्ज?” मी म्हटलं, काही नको. किती आपटली हे कळून हाड जुळत नाही.

लेक मात्र शांत. जेवली, ताट उचललं, “बघू पुढच्या वेळी,” म्हणाली आणि झोपायला गेली. मीच न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. उद्या स्टाफरूममध्ये तोंड कसं दाखवायचं?

६ फेब्रुवारी

आज प्रथमच तिचं पुस्तक हातात घेतलं. आमच्या कॉलेजचं विद्यापीठ वेगळं, पुस्तक वेगळं, त्यामुळे हे ध्यान आजवर पाहिलं नव्हतं. जाडजूड. मुखपृष्ठावर अणूचं चित्र, अर्थातच. तीन लेखक. पहिला लेखक हाच अभ्यास मंडळाचा अध्यक्ष! म्हणजे स्वतःच लिहायचं, स्वतःच वाखाणायचं आणि स्वतःच पोरांच्या माथी मारायचं.

चाळीस पानं वाचली. डोकं दुखायला लागलं म्हणून थांबले.

‘घर्षण नेहमी गतीला विरोध करते.’ नेहमी? मग हे तिघं चालतात कसे? पाय जमीन मागे रेटतो, जमीन पायाला पुढे ढकलते. ते घर्षणच ना? घर्षण रुसलं तर तिघंही जागच्या जागी घसरत राहतील. तसं झालं असतं तर निदान छापखान्यापर्यंत पोचले नसते!

७ फेब्रुवारी

पान एकसष्ट. ‘उपग्रहावर गुरुत्वाकर्षण नसते.’ मग तो पृथ्वीभोवती कोणाच्या पुण्याईने फिरतो?

९ फेब्रुवारी

या लोकांची एक खोड लक्षात आली. जिथे सिद्धता द्यायला हवी तिथे लिहितात, ‘हे उघडच आहे की’. जे खरंच उघड आहे त्यावर मात्र दीड पान. टेबल हलत नाही, कारण ते स्थिर आहे! आणि भाषा? ‘सदर वस्तू ही त्वरणास प्राप्त होती झाली असता’. हे वाचून अठरा वर्षांच्या मुलीने काय प्राप्त करून घ्यायचं? माझी पोर दोन महिने हे दगड चावत बसली आणि मला पत्ता नाही. तिला मी विचारायचे, “झाला का अभ्यास?” ती म्हणायची, “झाला.” बिचारी.

तिला या विषयाला मीच घातलं. घातलं म्हणजे काय, तिच्या भल्यासाठीच. ती आधी दुसरंच काहीतरी म्हणत होती—काय ते आता आठवतही नाही. डोकं माझं आहे तिच्याकडे, ते वाया घालवू द्यायचं का?

१० फेब्रुवारी

ठरलं. या पुस्तकाचं परीक्षण लिहायचं. सविस्तर, पानापानाचं. आणि विद्यापीठाला पाठवायचं. हे पुस्तक उठवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!

स्टाफरूममध्ये रसायनवाल्या बाई म्हणाल्या, “अगं, पुस्तकं कोण वाचतं हल्ली? पोरं गाइड वाचतात.” म्हटलं, माझी मुलगी वाचते. “आणि तरी नापास?” असं म्हणून गालातल्या गालात हसल्या. यांच्या मुलाला रसायनात किती पडले होते ते मला चांगलं ठाऊक आहे. डबा बंद करून तासाला गेले.

१३ फेब्रुवारी

सोडवलेलं उदाहरण. मोटार चौकातून निघते, एकसारखा वेग वाढवते, वगैरे. उत्तर : ३४० मीटर प्रति सेकंद. म्हणजे मोटार आवाजाच्या वेगाने बाजारात शिरली! हे तिघांनी वाचलं, मुद्रितशोधकाने वाचलं, मंडळाने वाचलं—आणि कोणाच्याही भुवया हलल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी

आज अंगावर काटा आला.

लेक स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी टेबलाशी बसून पुस्तकातलं कप्पीचं उदाहरण स्वतःशीच मोठ्याने वाचत होते. कप्पीवरून दोरी, एका टोकाला तीन किलो, दुसऱ्याला दोन. त्वरण काढा. पुस्तकाचं उत्तर, एकोणपन्नास.

मटारातून डोकं वर न काढता म्हणते, “एकोणपन्नास कसं येईल? हातातून सोडलं तरी नऊ पूर्णांक आठनेच पडेल ना. दोरीला बांधल्यावर पाचपट कसं पडेल? अपूर्णांक उलटा केलाय त्यांनी. बेरीज खाली हवी.”

कागद नाही, पेन्सिल नाही! मी बघतच राहिले. म्हटलं, “अगं, तुला तर येतंय!” ती म्हणाली, “असंच आलं डोक्यात.” सालं गोळा केली आणि उठून गेली.

ज्या मुलीला हे असं येतं ती नापास होते? दुसरं कारणच असू शकत नाही. या तीन शहाण्यांनी तिच्या डोक्याचा पार चिखल करून टाकलाय. मला इतका राग आलाय!

१७ फेब्रुवारी

नवऱ्याला कप्पीचं सांगितलं. तो चष्म्यांच्या काचा पुसत होता. घरीसुद्धा त्याचं चष्म्यांचं दुकान सुटत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग नापास कशी झाली, हे तिला विचारलंस?” म्हटलं, “तिला काय विचारायचं? पुस्तक समोर आहे.” “पुस्तक नापास झालेलं नाही ना, ती झालीये,” म्हणाला. याला काच आणि भिंग यापलीकडे काही दिसत नाही. भिंगाचं सूत्र तरी धड येतं का, देव जाणे.

१९ फेब्रुवारी

लेक दुपारी दुकानात अभ्यासाला बसते. तिथे शांतता असते म्हणे. दुकानात शांतता! आज कॉलेजातून येताना डोकावले. एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होती. काढायचा, दांडी किंचित वाकवायची, परत घालायचा. “आता खाली बघा, आजी. घसरतो का?” आणि आजी खुशीत. लेकसुद्धा. इतकी मोकळी घरात हसत नाही हल्ली.

फेरपरीक्षा तोंडावर आणि ही लोकांची नाकं मापत बसलीय! मला पाहिल्यावर चेहरा पडला. घरी आल्यावर सुनावलं. बापालाही सुनावलं. दोघं एकमेकांकडे बघत होते.

२३ फेब्रुवारी

सापडलं! जे हवं होतं ते सापडलं!

पान दोनशे बारा. ‘उजव्या हाताचा नियम’. तारेतून वीज वाहते, अंगठा विजेच्या दिशेने धरायचा, मिटलेली बोटं चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतात. आणि खाली चित्रात हात—डावा! छापताना चित्र उलटं झालं असणार. झालं तर झालं, पण नंतर कोणी स्वतःचा हात वर करून पाहिलाच नाही? ज्या पोरांनी चित्रावर विश्वास ठेवला त्यांची प्रत्येक दिशा उलटी! म्हणजे माझ्या मुलीचीही.

रसायनवाल्या बाईंना दाखवलं. त्यांनी पेन तारेसारखं धरलं, हात फिरवला, मनगट मुरगळलं आणि म्हणाल्या, “अगं बाई!” मला बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी

परीक्षण पूर्ण. शेवटचं वाक्य तीनदा बदललं. आधी लिहिलं होतं, ‘हे पुस्तक दर्जाहीन आहे’. मिळमिळीत वाटलं. मग ‘हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी घातक आहे’. आता असं ठेवलंय : ‘या पुस्तकाचा एकच उपयोग संभवतो : त्यावर उभं राहून चांगलं पुस्तक फळीवरून काढता येईल.’ नवऱ्याला वाचून दाखवलं. हसला. लेक हसली नाही. म्हणाली, “आई, पाठवायलाच हवं का हे?” तिला वाटतं, आईमुळे आपलं नाव चर्चेत येईल. पोर भिडस्त आहे.

पाठवलं.

४ मार्च

अध्यक्षमहाराजांचा फोन! आवाजात मध. “मॅडम, आपण एकाच क्षेत्रातली माणसं. छापखान्याच्या चार चुका असतात. पुढच्या आवृत्तीत बघून घेऊ.” म्हटलं, “घर्षण छापखान्याने लिहिलं का?” मग मध आटला. “तुमच्या मुलीचं कळलं, वाईट वाटलं,” म्हणाले. असं बोलायची हिंमत! आता तर मी मंडळासमोर येणारच, असं सांगितलं. तारीख द्या म्हटलं. दिली.

८ मार्च

लेकीला म्हटलं, चल माझ्याबरोबर, तूच सांग मंडळाला. “मी नाही येणार,” म्हणाली. इतक्या जोरात बोलली की मी दचकलेच. मग हळूच, “प्लीज, आई.” ठीक आहे. मी समर्थ आहे.

९ मार्च

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. टेबलाच्या टोकाला अधिष्ठाता—वनस्पतिशास्त्राचे. बाजूला अध्यक्षमहाराज, लेखक क्रमांक दोन आणि मंडळाचे बाकीचे. लेखक क्रमांक तीन आलेच नाहीत. त्यांनी नावापलीकडे पुस्तकाला काही दिलंय असं मला वाटतही नाही.

घर्षण झालं, उपग्रह झाला, मोटार झाली. ‘मुद्रणदोष’, ‘मुद्रणदोष’, अध्यक्षांची टकळी चालू. तेव्हा म्हटलं, “सगळ्यांनी एकेक पेन घ्या. चित्रात आहे तसा हात धरा.” भली मोठी माणसं हात वर करून बसली. उजव्या हाताने कोणाचंच जमेना. अंगठा चित्राप्रमाणे धरला की बोटं भलतीकडे. लेखक क्रमांक दोन तर खुर्चीतच वळले. तेवढ्यात अधिष्ठाता आनंदाने ओरडले, “पण माझं जुळतंय की!” सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी डावा हात वर केला होता.

बिस्किटं तशीच राहिली.

मी शेवटी म्हटलं, “माझी मुलगी कप्पीची गणितं तोंडी सोडवते. ती या पुस्तकामुळे नापास झाली. अशा किती मुली असतील?” अध्यक्ष खाली मान घालून म्हणाले, “मॅडम, तिची उत्तरपत्रिका पाहिलीत का तुम्ही?” म्हटलं, “पुस्तक पाहिलंय. पुरेसं आहे.”

टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. मजा आली. खोटं कशाला लिहू, फार मजा आली!

१२ मार्च

जिंकले!!

पुस्तक रद्द. शिवाय या विषयात नापास झालेल्या सगळ्यांचा निकालही रद्द! सगळ्यांची नव्याने परीक्षा, नव्या पुस्तकावर. आणि त्यांचे खास तास घ्यायला कोणाला बोलावलंय? मला! लेकीला फोन करून सांगितलं, “तुझा डाग पुसला गं! पहिल्या बाकावर बसायचं माझ्या तासाला!” फोन तुटला असं वाटलं. दोनदा हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, “ऐकतेय.”

घरी आईस्क्रीम आणलं. नवऱ्याने दोन चमचे खाल्लं. “जरा दम धर,” म्हणाला. कशासाठी दम धरायचा? माणसाने कधीतरी बायकोच्या आनंदात आनंद मानावा. लेकीचं आईस्क्रीम वाटीत विरघळून गेलं. सर्दी आहे म्हणे.

१३ मार्च

नव्या तासांची आखणी केली. पहिला धडा, घर्षण. सुरुवात चालण्यापासून.

१४ मार्च

सकाळी लेक माझ्या खोलीत आली. दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. म्हणाली, “आई, मी पेपर कोरा दिला होता. येत होतं सगळं. मला हा विषय नकोय. वाटलं, नापास झाले की तू सोडशील मला. तू तर पुस्तकच नापास केलंस.”

मी म्हटलं, “मग मला सांगायचं ना गं.”

ती म्हणाली, “तुला?”